निम्मं ताट

लातुरात हकीमसाहेबांच्या ओसरीवर बायकांची रांग सकाळपासून ताटकळली होती. कस्तुराबाईला खोकल्याची उबळ येत होती, पण पुढच्या दोघींचं बोलणं बुडू नये म्हणून तिनं पदर तोंडाशी धरला. एक होती कचेरीतल्या पेशकारांची बायको सौदामिनी, बसली की उठायला भिंत लागायची अशी. दुसरी रेणापूरची केवळाबाई.

“बाईसाब, मधी-मधी लई खाता का वो?”

“मी कुठली खाते? अंग सुटलं होतं ते ह्यांचं. हकीमसाहेबांनी सांगितलं, तिसऱ्या प्रहरी लाडू बंद, मूठभर फुटाणे अन् काकडी खा.”

“मंग, खातेत का?”

“खातात की. पण लाडूही पुढ्यात लागतो. एक घास मोडतात, ‘बास, मनाई आहे’ म्हणतात अन् ताट सरकवतात. जेवतानाही तेच. निम्मं टाकतात.”

“आन् ते टाकलेलं?”

“ह्यांच्याच ताटात मागून जेवायची आमची रीत. अन्न वाया कसं घालवू? वर्षात ते निम्मे झाले.”

“आन् तुमी दुप्पट.”

“काय करता!”

आतून हाक आली. सौदामिनी भिंतीला हात टेकत उठली, आत गेली अन् लगेच परतली.

“काय म्हणले?”

“तेच. फुटाणे खा, अन् ताटात निम्मं टाका.”

“मंग टाका की, माय.”

“टाकीन हो. पण माझ्यामागं जेवायला आहे कोण?”

“सून न्हाई?”

“वैशाखात येतेय.”

“मंग झालं की. कशी हाय पोरगी?”

“काडीसारखी.”