लतीफची रेघ

बसा हो चाचा — लाइट आत्ताच आलीय, मशीन तापायला पाच मिनिटं घेते. कागद तुम्ही स्वतःच काचेवर उलटा ठेवलात, बरं केलंत — घरगुती कागद मी वाचतच न्हाय. काय? झेरॉक्स म्हणजे काय? म्हणजे सुकं. मशीन दुरुस्तीवाला सांगून गेला, जुन्या युनानी भाषेत झेरोस म्हणजे सुकं — ओली शाई न्हाय, नुसती पावडर. आता हे काय नाव झालं? मी काय सुकट विकतो? त्यापेक्षा आपला हुबेहूब बघा. आमचे दादा फारसी शिकलेले, ते सांगायचे, अरबीत हू म्हणजे तो. हू-ब-हू — तो नि तोच. काय इज्जत हाय शब्दाला.

पण तो नि तोच होतो कुठे? माझ्या मशीनच्या ड्रमला ओरखडा पडलाय, प्रत्येक कॉपीवर एक उभी काळी रेघ येते. बाजारात म्हणतात, लतीफची रेघ. म्हणून तर — तुम्ही बाहेरगावचे, तुम्हाला सांगायला काय — माझ्या लग्नाच्या मागणीचं पत्र मी दोन घरी पाठवलं. एकदा असं झकास जमलं, की परत जमेना. मग नावाची जागा कोरी ठेवली, कॉपी काढली, पेनानं नावं भरली. हातचं पत्र महापोलीला, आबिदाच्या घरी. झेरॉक्स पडघ्याला, जमिलाकडे. हसताय? अहो, जमिला आईच्या समाधानापुरती. मला आबिदाच पाहिजे, जीव अडकलाय तिच्यात — तिला कॉपी पाठवीन होय मी? पाकिटं भरताना नेमकी लाइट गेली, चाचपडत भरली, पण भरली बरोबर. आज-उद्या जवाब यायचाय, तोंडाला चव न्हाय माझ्या.

हां, तापली. एकच कॉपी ना? पडघ्याला दाखवायचीय? दाखवा की — ही घ्या. थांबा. दोन रेघा कशा आल्या? एक माझ्या मशीनची. मग दुसरी कागदावरच होती म्हणायची. बघू तो कागद. पेनानं भरलेलं नाव — जमिलाचं.

चाचा… तुम्ही महापोलीचे का? आबिदाचे कोण?

मामू.

अक्षर कुणाचं? माझंच हाय. न्हाय, आता बसू नका, मामू — मशीन बिघडलीय. दुकान बंद हाय.