सात मिरच्यांची तपासणी

घरात सांभाळायला मोठं माणूस आहे, तुला कसली काळजी, असं तुम्ही सगळ्या म्हणता ना? मग ऐका. माझ्या चार वर्षांच्या चिऊला दमा आहे. तिच्याजवळ धूर अजिबात नको, हे मी सासूबाईंना दोन वर्षं सांगतेय. परवा मुरबाडच्या शाळेत पोरांना फुफ्फुसं शिकवून घरी आले, तर घरभर जळक्या मिरच्यांचा धूर. आधी चिऊला अंगणात नेऊन पंप दिला. तिचा श्वास जरा सुरळीत झाल्यावर विचारलं, "आई, हे काय केलंत?"

"पोरीला धाप लागली गो. दृष्ट काढली, सात मिरच्या जाळल्या." एवढं बोलून त्या स्वतःच खोकत सुटल्या.

"खरी नजर लागली असली, तर मिरच्यांचा ठसका लागत नाही ना?"

"नाय लागत."

"आणि आत्ता?"

सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले, जरा विचार केला.

"म्हंजे दमाच हाय. नुसत्या डॉक्टरच्या सांगण्यावर कसा विश्वास ठेवायचा?"