हलकी गाडी पळते

टेमघरच्या गॅरेजात माझ्या स्कूटरचं ऑइल बदलेपर्यंत बाकावर बसलो होतो. समोर एक लाल, नवीकोरी गाडी, तिचा तरुण मालक आणि महादू मिस्त्री.

“काका, टाकीतला पेट्रोल खेचायचा पंप दोनदा नवा बसवला. तरी वळणावर जोरात घेतली का इंजिन बंद पडतंय. काल दापोड्याला मागं कंटेनर व्हता, थोडक्यात वाचलो.”

“टाकीत पेट्रोल किती असतं, प्रज्योतशेठ?”

“पाचेक लिटर. जास्त भरीत न्हाय.”

“का बरं?”

“गाडी हलकी ऱ्हायली पायजे ना! हलकी गाडी पळते.”

“पळते ना. आणि वळली की ते पाच लिटर टाकीच्या एका कडेला पळतं. पंपाच्या तोंडाशी नुसती हवा. हवेवर फुगे उडतात शेठ, इंजिन चालत नाही.”

“मंग इलाज काय?”

“निम्मी टाकी कायम भरलेली ठेवा. एवढंच पळवायचं असेल तर डिकीत छोटी जादा टाकी बसवू. ती सतत भरलेली राहते, इंजिन तिच्यातून पितं. उघडा डिकी.”

“डिकीत जागा न्हाय, काका.”

“हे काय भरलंय?”

“स्पीकर.”

“वजन?”

“साठ किलो असंल.”

“आणि पेट्रोल जड होत होतं!”

“स्पीकर न्हाय काढायचा. शनवारी बहिणीची हळद हाय.”

“मग राहू द्या. इंजिन बंद पडलं तरी गाणं चालू राहील. ढकलणाऱ्यांना तेवढंच नाचता येईल.”