सव्वा मूठ गहू

मी मूळचा शिंदखेड्याकडचा, नाव प्रकाश, सांगतो सगळं, पण जरा दमानं ऐका, माझ्या ओठाची ही बाजू हलत नाही, त्यामुळे शब्द सांडतात, नाही समजलं तर विचारा, मला राग येत नाही, राग येतो तो समजल्यासारखी मान हलवणाऱ्याचा. थोरल्या भावानं सुरतला आणलं, मिसरूड फुटत होतं तेव्हा, तेव्हापासून पर्वत पाटियाच्या मागे खोली आणि लूमवर साडीचं कापड. लूमचा कारागीर आहे मी, आजही आहे, हे लिहून घ्या.

आमच्या कारखान्यात काय असतं, काय सांगू तुम्हाला, लूम सुरू झाले की शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येत नाही, सगळं हातानं बोलायचं, भूक लागली तरी हातानं, शिवी द्यायची तरी हातानं. आणि विडीला बंदी, धाग्यावर ठिणगी पडली की कारखाना गेला. मग उरला मावा, तंबाखू-सुपारी-चुन्याचा, गालात दाबला की दोन्ही हात मोकळे, पाळी कशी गेली कळत नाही. सगळेच दाबायचे, मीही दाबायचो.

मग गालात फोड आला. मी सुमनला, माझ्या बायकोला, म्हटलं मिरची कमी टाक, जळजळतं. आमच्या खान्देशातला माणूस मिरची कमी टाक म्हणतो म्हणजे काहीतरी मोठं बिघडलंय हे तिला तिथंच कळलं, मला नाही कळलं, मी मावा ह्या गालातून त्या गालात नेला. पुढं तोंडच उघडेना, भाकरीचा घास बारीक करत गेलो, बारीक करत गेलो. शेवटी तिनं दंडाला धरून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरबेन म्हणाल्या काका, मोढुं खोलो, आणि मी खोलतोय खोलतोय, तर बोटभर फट. तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला.

गाल काढला, जबड्याचं हाड काढलं, मानेतल्या गाठी काढल्या, छातीचं मांस वर ओढून नवा गाल केला. हसायचं तर हसा, माझ्या तोंडात केस उगतात, छातीचे. नंतर शेक दिले, मशीनचे, त्यानं थुंकी आटली. नाकात नळी, दूध नळीनं, पाणी नळीनं, डाळीचं पाणी नळीनं, आणि त्यातच श्रावण आला.

श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते, आमची खान्देशातली देवी, सुरतेत आलो तरी तिला सोडलं नाही. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचे, दळायचे, त्याचे रोट. ते घरच्यांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे, उरले की अपशकुन. दादा, म्हणजे थोरला भाऊ, गहू मोजायला बसला आणि म्हणाला, औंदा परकाशनी मूठ नको, खाई कोन? त्याचं मन वाईट नव्हतं, खरं तेच बोलला. मी खाटेवर पडून ऐकत होतो. जित्या माणसाची मूठ नाही, मेल्यावर वेगळं काय होतं हो?

सुमन कधी जेठासमोर तोंड उघडत नव्हती. त्या दिवशी डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, त्यासनी मूठ पडी म्हणजे पडी. आणि स्वतःच्या हातानं गहू टाकले. मूठ पडली. आता खायची मलाच होती.

दवाखान्यातल्या बेननं तोंड उघडायला आइस्क्रीमच्या काड्या दिल्या होत्या, दातांत एकावर एक सरकवायच्या, एक वाढवली की कानापर्यंत कळ जायची. आधी मी टाळाटाळ करायचो, आता काड्या हातातून सुटेनात. गिळायचा सराव केला, थेंब थेंब पाणी, ठसका, परत पाणी. डॉक्टरबेननं बघितलं आणि नळी काढली, म्हणाल्या पातळ करून खा, घाई नको. पौर्णिमा तोंडावर आली होती. सुमननं रोट दुधात भिजवून बोटांनी पार गंधासारखा केला, चमच्यानं भरवलं, अर्धं ओठातून बाहेर, तिनं पुसायचं, परत भरवायचं. दादा दारात उभा राहून बघत होता. पौर्णिमेच्या संध्याकाळी माझी मूठ संपली. दादा रडला. मी नाही रडलो, मी वाटी चाटली.

मग कामावर परत गेलो. लोक म्हणाले बोलणं गेलं, कसं करशील. म्हटलं तिथं बोलतंय कोण. हात माझे तेच आहेत, कापड माझं तेच आहे.

पण घरात मी एक नियम घातला, कानबाईपुढं उभं राहून घातला. गहू मोजायच्या आधी आमच्या भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषानं माझ्यासमोर आ करायचं, मी बॅटरी मारून बघणार, ज्यानं तोंड दाखवलं नाही त्याची मूठ पडणार नाही. कुरकुरले, पण कानबाईपुढं कोण बोलेल. गेल्या श्रावणात दादाच्याच गालात पांढरा डाग दिसला. म्हणाला चुना लागला असंल. तसाच रिक्षात घातला. लवकर सापडलं, डॉक्टरबेननं तेवढंच काढलं, गाल शाबूत आहे, हाड शाबूत आहे. आता मावा सोडलाय आणि मिरची खाऊन मला दाखवतो, बघ म्हणतो. खाऊ द्या, कानबाईनं त्याला सुखाचं खाऊ द्यावं.

झालं माझं सांगून. पण तुम्ही मघापासून लिहिताना गालात सुपारी फिरवताय, मी बघतोय. वही ठेवा खाली. सुमन, बॅटरी आण गं. लाजू नका, आमच्या घरचेच समजा. आ करा.