तडा नसलेली काच

चिमुरडीच्या डब्याचं झाकण टणकन फरशीवर पडलं आणि गॅरेजमधली शांतता मोडली. आपली गाडी दुरुस्त व्हायची वाट बघत बाकावर बसलेली तिची आई ते उचलायला वाकली. समोर एका जुन्या, लाल स्पोर्ट्स कारपाशी एक म्हातारे गृहस्थ अडून उभे होते. त्यांची मुलगी दार उघडून धरून होती आणि मेकॅनिक नव्या काचेवरून फडकं फिरवत होता.

"बसा ना बाबा, आपलीच गाडी आहे."

"आमच्या गाडीच्या काचेला तडा आहे, बाई. हिला कुठाय?"

"तडा होता म्हणून तर नवी बसवली."

"मग जुनी लावून द्या. मी थांबतो."

"ती काढताना फुटली हो, आजोबा."

"काय करून बसले मी, दादा. बाबा माणसं विसरले, पण ही गाडी तेवढी ओळखायचे."

"थांबा ताई, हॉर्न वाजवतो... ऐकलंत, आजोबा?"

"आवाज तर तिचाच आहे."

"आणि माझा, बाबा?"

"तुमचाही ओळखीचा वाटतो. पण तुम्ही कुणाच्या?"

बाकावरच्या चिमुरडीने खाणं थांबवून आईची बाही ओढली.

"आई, तू मला कशावरून ओळखतेस?"