बंद पिंजऱ्यातून सुटणारा उंदीर

मी, गल्लीत लॅबबाई म्हणून ओळखली जाणारी, वय ६८ वर्षे, धंदा निवृत्त (महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र प्रयोगशाळेत एकतीस वर्षे सहायक, हवालदारांनी आधी ‘गृहिणी’ लिहिले होते, ते माझ्या सांगण्यावरून खोडले आहे), राहणार बेकरीमागची गल्ली, शेवटचे बैठे घर, ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

वरील पत्त्यावर मी व माझी धाकटी बहीण, वय ६३, अशा दोघीच राहतो. आठ महिन्यांपूर्वी तिचे यजमान वारले, तेव्हापासून ती माझ्याकडे आहे. ती खोलीबाहेर येत नाही. ‘हो’, ‘नको’ आणि ‘राहू दे’ याव्यतिरिक्त बोलत नाही. ताटातले सगळे परत येते, फक्त मागच्या वाफ्यातला कोवळा घेवडा तेवढा ती खाते. सबब तो वाफा माझा छंद नाही. हवालदारांनी ‘छंद’ हा शब्द घालू नये.

चालू महिन्याच्या तीन तारखेस सकाळी शेंगा कुरतडलेल्या दिसल्या. दातांच्या खुणा मी पट्टीने मोजल्या. उंदीर, तोही चांगला पोसलेला. मी वाफ्याभोवती वीतभर खोल बारीक जाळी पुरली, भिंतीतली बिळे काचेचे तुकडे घालून सिमेंटने बुजवली, पालापाचोळ्याचा ढीग हलवला. कडेने पुदिना लावला. वासाने उंदीर पळतात असे ऐकले होते. आमच्याकडचा उंदीर पुदिन्यात बसून घेवडा खात असे. विष घातले नाही. त्याच वाफ्यातले घरात शिजते.

पाच तारखेस मी पिंजरा आणला. तेव्हा शेजारचे घड्याळजी (घड्याळदुरुस्तीचे दुकान) भिंतीवरून म्हणाले, “ताई, सोडा हो बिचाऱ्याला. तोही पोटासाठीच फिरतो.” मी म्हणाले, “मग तुमच्या दुकानात पाठवते. चावी देण्यापुरते दात आहेत त्याला.” यावर ते हसले. मी हसले नाही.

पिंजरा संध्याकाळी लावायचा, आणि उंदीर सापडल्यास पालिकेचा माणूस सकाळी आठला घेऊन जाईल, असे ठरले होते. नऊ, दहा व अकरा तारखेस सकाळी सात वाजता पिंजरा बंद, पाव खाल्लेला, आत लेंड्या, आणि उंदीर नाही. एकतीस वर्षांत मी शेकडो उंदीर हाताळले. आतून दार उघडून, बाहेर पडून, दार परत लावून जाणारा एकही पाहिलेला नाही. अर्थात कोणी तरी माणूस माझ्या आवारात शिरत होता. घड्याळजींचे बोलणे आठवून मी अकरा तारखेस त्यांच्याविरुद्ध या ठाण्यात लेखी तक्रार दिली. त्यांना बोलावून दोन तास बाकावर बसवण्यात आले, असे मला नंतर समजले.

तक्रार दिली म्हणून कुतूहल संपत नाही. बारा तारखेस संध्याकाळी सात वाजता उंदीर पिंजऱ्यात होता. मी तारेतून बोळ्याने त्याच्या पाठीवर जांभळे औषध लावले. तेरा तारखेस सकाळी पिंजरा बंद व रिकामा. त्याच संध्याकाळी पुन्हा उंदीर सापडला, पाठ जांभळी. म्हणजे मी ज्याला टोळी समजत होते तो एकटाच इसम होता. रोज सुटत होता आणि रोज जेवायला येत होता.

त्या संध्याकाळी मी पिंजऱ्याभोवतीच्या फरशीवर चहाच्या गाळणीने पीठ भुरभुरले. चौदा तारखेस सकाळी त्यावर अनवाणी पावले होती. घड्याळजींचा जोडा दहा नंबरचा आहे. हे पाऊल लहान होते व डाव्या पायाची करंगळी उमटलेली नव्हती. माझ्या बहिणीची ती करंगळी वयाच्या नवव्या वर्षी शाळेच्या लोखंडी फाटकात सापडून तुटली. फाटक मी लोटले होते. पीठ झाडून टाकून मी चहा ठेवला. बहिणीस काही विचारले नाही.

पंधरा तारखेस पहाटे पावणेसहाला मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. बहीण खोलीतून आली. तिने पिंजरा दोन्ही हातांनी उचलला, मागच्या फाटकापर्यंत नेला, उकिडवी बसून दार उघडले. उंदीर लगेच गेला नाही. ती त्याच्याशी बोलत होती. अंतरामुळे शब्द ऐकू आले नाहीत. मात्र ‘हो’ आणि ‘नको’ यांना एवढा वेळ लागत नाही. नंतर तिने पिंजरा पूर्वीसारखा बंद करून जागेवर ठेवला. वस्तू जशी उचलली तशी ठेवायची, हे आम्हा दोघींना शाळेतल्या मुख्य नन, मदर सुपीरियर, यांनी छडीने शिकवले आहे.

सोळा तारखेस मी घड्याळजींकडे जाऊन माफी मागितली. ते म्हणाले, “जाऊ द्या ताई. ठाण्यातलं घड्याळ अकरा मिनिटं मागे आहे, ते तरी कळलं. दुरुस्त करून देऊ का विचारलं, तर साहेब म्हणाले, गप्प बसा.” त्यांच्याविरुद्धची माझी तक्रार संपूर्ण चुकीची होती. ती मी मागे घेत आहे व तसे त्यांना ठाण्याने लेखी कळवावे.

पालिकेच्या माणसाला मी ‘येऊ नका’ सांगितले आहे. घेवडा दुप्पट लावला आहे, उंदराचा हिस्सा धरून. पिंजरा रोज लावते. सोळा तारखेस तो फाटकाजवळ ठेवला, सतरा तारखेस फाटकाबाहेर, काल गल्लीतल्या नळापाशी. बहीण रोज तिथपर्यंत गेली. आज पहाटे परत आल्यावर तिने विचारले, “पिंजरा तिकडे कशाला गं ठेवतेस?” मी म्हणाले, “उंदीर हुशार झालाय.” ती म्हणाली, “तो कसला हुशार, खादाड आहे मेला.” एवढेच बोलणे झाले.

आज पिंजरा बेकरीच्या कोपऱ्यावर ठेवणार आहे. पहाटेच्या गस्तीवरील शिपायांना सहाच्या सुमारास अनवाणी बाई पिंजरा घेऊन चाललेली दिसल्यास त्यांनी तिला थांबवू नये, नाव विचारू नये, मदत तर मुळीच करू नये. हे नोंदवण्यासाठीच मी आज आले आहे.

हवालदारांनी जबाब मोठ्याने वाचला, मी तो चष्मा लावून स्वतःही वाचला. शुद्धलेखनाच्या चार चुका दुरुस्त केल्या. बाकी मजकूर मी सांगितला तसाच व खरा आहे, म्हणून सही करते.