अकरा गावांना एक पाळक

—नाही साहेब, उठू नका, चहा ठेवलाय. धर्मप्रांताच्या ऑफिसातून एवढ्या लांब माझी चौकशी करायला आलात ना, मग माझंही ऐकून जा. तीन वर्षं सेमिनरीत शिकले मी. प्रवचन करते, आजाऱ्यांकडे जाते, कुणाची माती असली की प्रार्थनाही मीच करते. फक्त दीक्षा नाही, म्हणून प्रभुभोजन देता येत नाही, लग्न लावता येत नाही. का नाही दीक्षा? चर्चचे पंच शिफारशीवर सह्या करत नाहीत म्हणून! पंचांचे प्रमुख आबासाहेब म्हणतात, 'पोरी, तू लई शिकलीस, पर वेदीपाशी बाई कावून?' हेच आबासाहेब दूध सोसायटीचे चेअरमन, तिथे माझी आई संचालक आहे, ठरावावर तिची सही चालते. म्हणजे दुधाला बाई चालते, देवाला चालत नाही — हसताय? हसा. शिफारस अडलीय त्या चार वर्षांत आम्हाला हसू आलं नाही.

आणि वरून रडायचं, पाळक मिळत नाहीत! मिळतील कुठून? पुण्यातलं चर्च सोडून नेकनूरच्या पुढे या फुफाट्यात कोण तरुण येतो? अकरा गावांना एक सुंदरराव पाळक. बासष्ट वय, गुडघे गेलेले. त्यांना दोष देत नाही मी — देते, थोडा देते. मागच्या दसऱ्यापासून नाताळापर्यंत या चर्चमध्ये त्यांचं पाऊल पडलेलं नाही. लिहून घ्या. घाटनांदूरला मुलीकडे अंथरुणावर होते, एक दिवससुद्धा आले नाहीत, शपथेवर सांगते. तुमच्या ऑफिसला तीन पत्रं टाकली, एकाचं उत्तर नाही.

आणि नेमक्या त्याच दिवसांत आमचं चर्च रिकामं होतं. पाऊस नाही, विहिरींना तळ दिसतो, दिवाळी झाली की ट्रक येतो आणि अख्खी गल्ली ऊस तोडायला निघते. मुकादम एकट्याला घेत नाही — नवरा-बायको मिळून एक कोयता. मग ट्रक यायच्या आत घाईघाईनं लग्नं. गावात भटजी आहे, बौद्धाचार्य आहेत, आणि आमची मनकर्णा हळद लावून पाच दिवस पाळकाची वाट बघतेय—

कोण? मनकर्णा. बन्सीची बायको. झालं की लग्न, न व्हायला काय? नोंद आहे चर्चच्या लग्नांच्या वहीत — आता वही कशाला उघडताय? जुनं आहे सगळं. हो. सतरा नोव्हेंबर. हो, खाली पाळकसाहेबांची सही.

हो. आत्ता मीच म्हणाले ते आले नव्हते.

असं बघू नका. लग्न मी लावलं. सहीही मीच केली, त्यांच्यासारखी. ट्रक दारात हॉर्न देत होता, सासू पदर पसरून उभी. बिनलग्नाची पोर सहा महिने त्याच्या खोपीत पाठवायची? आणि न पाठवली तर चूल कशानं पेटवायची? आबासाहेबांना आधी विचारलं होतं. म्हणाले, 'तोडीवरून आले की लावू.' आले की! मी सगळ्यांना सांगितलं, मला वरून परवानगी मिळालीय. साक्षीला दोन म्हाताऱ्या, दोघींचे अंगठे. नवरानवरीला वाटतं सगळं रीतसर झालं. मला वाटलं, चार दिवसांत पाळकसाहेब येतील, त्यांच्या पाया पडेन, ते समजून घेतील. आलेच नाहीत. आणि आले तेव्हा — नाही झाली हिंमत. बाकी सगळ्याला आहे, त्याला नाही झाली.

साहेब, माझी शिफारस फाडा. पदवी परत घ्या. आबासाहेबांना सांगा की तुमचंच खरं होतं, बाईच्या हातात द्यायला नको होतं — हो, तेही सांगा, मी मान खाली घालून ऐकेन. पण ती नोंद खोडू नका. सातवा महिना आहे तिला. सासरा आत्ताच म्हणतो, तोडीवर काय काय होतं कुणाला ठाऊक. उद्या त्याला कळलं लग्नच खोटं, तर? परत लावता येईल ना? गुपचूप? तुमच्याकडे लग्न लावायचा परवाना आहे, तुम्हीच लावा, आज, आत्ता बोलावते त्यांना—

वही पिशवीत का घालताय?

नाही. नियम मला शिकवू नका, नियम मी पहिल्या नंबरानं पास झालेय. ती तिकडे टँकरच्या रांगेत उभी आहे, हिरव्या लुगड्यातली, पोटावर हात ठेवून. जा, तिला तुमच्या तोंडानं सांगा. जाता?

नाही जात ना? मग हात काढा वहीवरचा. काढा म्हटलं ना, वही इथेच राहील. निघा.